सेनापतीचे घर आणि शिपायाचे नाव

मॅसॅच्युसेट्स राज्यातील श्रूजबरी या गावात राहणाऱ्या आम्हा आंबेडकरी कुटुंबांना मेन स्ट्रीटवरील एक जुने लाकडी घर जाता-येता दिसते. ते जनरल आर्टेमस वॉर्ड यांचे घर आहे आणि हार्वर्ड विद्यापीठाने ते संग्रहालय म्हणून जपले आहे, एवढी माहिती आम्हाला होती. त्यापलीकडे त्या घराशी आपला काही संबंध असेल असे कधी वाटले नव्हते. पुढे मुले शाळेतून अमेरिकन क्रांतीचे धडे शिकून घरी येऊ लागली आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : आपल्या घराण्यात कोणी सैनिक होते का?

होते. आमच्यातील अनेक घरांत होते. कोणाचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते, कोणाचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. पण त्यापुढे मुलांना सांगण्यासारखे आमच्याजवळ फारसे काही नव्हते. पलटण कोणती, भरती कोठे झाली, छावणीत काय खात असत, घरी पत्र कोण लिहून देत असे, यांपैकी कशाचेही उत्तर आम्हाला धड देता आले नाही. गावच्या सेनापतीचे घर अडीचशे वर्षे जपले गेले आणि आमच्या शिपायांची साधी हकीकतही आम्हाला ठाऊक नाही, ही जाणीव बोचरी होती. तिच्यातूनच हा लेख लिहिला आहे.

मेन स्ट्रीटवरील घर

आर्टेमस वॉर्ड यांचा जन्म १७२७ साली श्रूजबरीतच झाला. १७४८ साली ते हार्वर्डमधून पदवीधर झाले आणि १७६३ पासून १८०० साली मृत्यू येईपर्यंत ते या घरात राहिले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड येथे इंग्रज फौजेशी चकमक झाल्याची बातमी आली, तेव्हा वॉर्ड आजारी होते, अंथरुणावर होते. तरीही दुसऱ्या दिवशी ते घोड्यावर बसून केंब्रिजकडे निघाले. बॉस्टनला वेढा घालणाऱ्या सैन्याचे ते पहिले सरसेनापती. जुलै १७७५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सूत्रे हाती घेतली तोवर विस्कळीत जमावाला एकत्र ठेवण्याचे काम त्यांनी केले. त्याच हिवाळ्यात टायकॉन्डरोगाच्या किल्ल्यावरून बर्फातून ओढत आणलेल्या तोफा श्रूजबरीमार्गेच पुढे गेल्या. मार्च १७७६ मध्ये डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर मोर्चे बांधणारे सैन्य वॉर्ड यांच्याच हाताखाली होते आणि त्यानंतर इंग्रजांनी बॉस्टन सोडले.

पुढे वॉशिंग्टन यांच्या कीर्तीत वॉर्ड यांचे नाव झाकोळले गेले. तथापि वॉर्ड यांच्या वंशजांनी ते पुसू दिले नाही. घर, घरातील सामान, कागदपत्रे हे सर्व पिढ्यान् पिढ्या सांभाळले गेले आणि १९२५ साली त्यांच्याच नावाच्या पणतूने ते घर हार्वर्डच्या स्वाधीन केले. ज्या घराण्याकडे जमीन होती, लिहिता-वाचता येत होते आणि वारसा सोपवण्यासाठी विद्यापीठ होते, त्या घराण्याचा इतिहास टिकला. यात त्या घराण्याचा दोष नाही. परंतु इतिहास आपोआप टिकत नाही, कोणीतरी तो टिकवावा लागतो, एवढे यावरून दिसते.

शिपायाचा दिवस

वॉर्ड यांच्या हाताखालील शिपाई कसा जगत होता? याचे उत्तर सेनापतीच्या घरापेक्षा जुन्या सरकारी ठरावांत अधिक सापडते. जून १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने शिपायाचा शिधा ठरवून दिला : दररोज एक पौंड पाव, अर्धा पौंड गोमांस आणि अर्धा पौंड डुकराचे मांस, आठवड्यातून एक दिवस मांसाऐवजी खारवलेला मासा, एक पाइंट दूध आणि ते न मिळाल्यास थोडा तांदूळ, सोबत वाटाणे किंवा शेंगांचे दाणे. आठवड्याला सहा औंस लोणी आणि सहा जणांमागे एक पौंड साबण. हे कागदावरचे प्रमाण झाले, प्रत्यक्षात हाती काय पडेल ते पुरवठ्यावर अवलंबून असे.

शिपायांना वेतनाखेरीज एक कोट देण्याचे वचन होते. त्यासाठी गावोगावी वाटणी करून तेरा हजार कोट मागवण्यात आले. ते घराघरांत विणलेल्या कापडाचे होते. कोट कोणाला द्यायचा याच्या याद्या झाल्या, कोटाऐवजी रोख रक्कम घेणाऱ्यांच्या सह्या झाल्या आणि या क्षुल्लक वाटणाऱ्या कागदांनी हजारो सामान्य शिपायांची नावे वाचवली. १८९६ ते १९०८ या काळात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या क्रांतिकालीन सैनिकांची व खलाशांची नामावली सतरा खंडांत छापली. तिच्यात शेकडो नोंदी अशा आहेत की त्या माणसाविषयी गाव, कप्तानाचे नाव आणि कोटाची मागणी याहून अधिक काही उरलेले नाही. पण नाव उरले आहे.

रूट ९ वरील एक थडगे

आमच्यापैकी कित्येक जण रोज रूट ९ ने कामावर जातात. या एकाच रस्त्यावर पश्चिमेला लेस्टर, मग वुस्टर, मग क्विन्सिगॅमंड सरोवर ओलांडून श्रूजबरी आणि पुढे पूर्वेला फ्रेमिंगहॅम लागते. या रस्त्याच्या दोन टोकांशी एका काळ्या शिपायाचे आयुष्य बांधलेले आहे. त्याचे नाव पीटर सेलम.

पीटर सेलम फ्रेमिंगहॅममध्ये गुलाम म्हणून जन्मला. मे १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सुरक्षा समितीने गुलामांना सैन्यात घेऊ नये, केवळ स्वतंत्र माणसांना घ्यावे असे ठरवले होते. धन्याने मुक्त केल्यामुळे पीटरला लढता आले. तो कॉन्कर्डला होता, बंकर हिलला होता, पुढे साराटोगालाही होता. बंकर हिलवर त्याच्यासारखे आणखीही काळे सैनिक लढले. त्यांपैकी सेलम पुअर या सैनिकाच्या शौर्याची दखल घ्यावी म्हणून चौदा अधिकाऱ्यांनी सही करून अर्ज केला होता.

आणि तरीही ८ ऑक्टोबर १७७५ रोजी वॉशिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सेनापतींच्या बैठकीत गुलामांना नाकारण्याचा निर्णय एकमताने झाला, तर स्वतंत्र काळ्या माणसांनाही नाकारण्याचा निर्णय मोठ्या बहुमताने झाला. त्या बैठकीत आर्टेमस वॉर्डही बसले होते. बंकर हिलची लढाई होऊन चार महिनेही झाले नव्हते. डिसेंबरअखेर, माणसांची गरज भासू लागल्यावर, स्वतंत्र काळ्या सैनिकांना पुन्हा नाव नोंदवण्याची मुभा मिळाली. गरज असेल तेव्हा दार उघडायचे आणि गरज संपताच लावून घ्यायचे, ही रीत आम्हा लोकांना अनोळखी नाही.

युद्धानंतर पीटर सेलम लेस्टरमध्ये राहिला. खुर्च्यांची वेताची विणकाम करून त्याने पोट भरले. १८१६ साली तो फ्रेमिंगहॅमच्या गरीबगृहात मरण पावला. त्याच्या थडग्यावर दगड बसवला गेला तो १८८२ साली.

बॉस्टनला मुलांना घेऊन जाणाऱ्या वाचकांनी कॉमनच्या कडेला, स्टेट हाउससमोर असलेले चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे शिल्पही थांबून पाहावे. यादवी युद्धात १८६३ साली उभी राहिलेली ही काळ्या सैनिकांची पलटण. त्यांना गोऱ्या शिपायांप्रमाणे दरमहा तेरा डॉलर कबूल केले होते, प्रत्यक्षात दहा देऊ केले आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापायचे ठरवले. त्या सैनिकांनी अर्धवट पगार घेण्यास नकार दिला. महिनोन् महिने ते बिनपगारी लढले, मेले, पण कमी किमतीचा माणूस म्हणून सही केली नाही. १८९७ साली त्यांचे स्मारक उभे राहिले तेव्हा त्यावर फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली होती. मृत काळ्या सैनिकांची नावे तेथे कोरली जाण्यासाठी विसाव्या शतकाची आठ दशके जावी लागली.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर

सामान्य गोऱ्या शिपायाच्या वाट्यालाही युद्धानंतर सुख आले असे नाही. त्यांना वेतनापोटी मिळालेल्या कागदी रोख्यांची किंमत घसरली. पोटासाठी त्यांनी ते मातीमोलाने विकले. पुढे त्याच रोख्यांची भरपाई करण्यासाठी राज्याने कर वाढवले आणि ते कर भरता येईनात म्हणून त्याच शिपायांच्या शेतीवर, गुरांवर जप्ती येऊ लागली. कर्ज थकले की तुरुंग ठरलेला.

५ सप्टेंबर १७८६ रोजी असे त्रासलेले शेतकरी आणि जुने शिपाई वुस्टरच्या न्यायालयासमोर संगिनी घेऊन उभे राहिले. न्यायालय भरूच द्यायचे नाही असा त्यांचा निर्धार होता. मुख्य न्यायाधीश म्हणून पायऱ्या चढत आले ते श्रूजबरीचे आर्टेमस वॉर्डच. पहारेकरी त्यांच्याच पलटणीतला जुना माणूस होता आणि वॉर्ड यांच्या हुकमासरशी त्याने सवयीने सलामी दिली, असे सांगतात. दारापाशी मात्र संगिनी त्यांच्या छातीला टेकल्या. वॉर्ड मागे हटले नाहीत. त्यांनी तेथेच उभे राहून बराच वेळ भाषण केले, पण न्यायालय भरले नाही.

त्या पायऱ्यांवर कोणाची बाजू न्याय्य होती? वॉर्ड यांचे धैर्य खरे होते आणि शिपायांचे दुःखही खरे होते. संग्रहालयात सेनापतीचे घर आहे. त्या दिवशी संगीन धरून उभ्या राहिलेल्या शिपायाचे घर मात्र जप्तीत गेले असण्याचीच शक्यता अधिक.

कोरेगावचा दगड

आता आपल्या घराकडे वळू. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईची माहिती आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आदल्या रात्री शिरूरहून निघालेली, कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालील मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची एक बटालियन, थोडे घोडेस्वार आणि मद्रासचे मूठभर तोफखान्याचे लोक पेशव्याच्या कितीतरी मोठ्या फौजेसमोर दिवसभर टिकून राहिले. पुढे तेथे स्तंभ उभारला गेला. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की त्या स्तंभावर इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर शिपायांचीही नावे आहेत. सोमनाक कमळनाक नाईक, रामनाक येसनाक, भागनाक हरनाक अशी ती नावे, बापाच्या नावासकट कोरलेली. मृत्यू पावलेल्या ४९ जणांपैकी २२ जण 'नाक' नावाचे, म्हणजे महार होते. त्यांच्या शेजारी मराठा आहेत, मुसलमान आहेत. ज्या काळात या माणसांना एका पंक्तीत बसून जेवता येत नव्हते, त्या काळात एका दगडावर ती एका रांगेत लिहिली गेली.

बॉस्टनच्या स्मारकावर जे व्हायला अनेक दशके लागली, ते कोरेगावात सुरुवातीलाच झाले. यावरून कंपनी सरकार आपले कैवारी होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. कंपनीला शिपाई हवे होते, माणसांची मुक्ती नको होती. १८९२-९३ च्या सुमारास 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद करण्यात आली. दगडावर नाव होते आणि छावणीचे दार बंद होते.

त्या दाराच्या आत पूर्वीच्या पिढ्यांना काय मिळाले होते, हे बाबासाहेबांच्या घराण्यावरून स्पष्ट दिसते. आजोबा मालोजी सैन्यात होते, वडील रामजी सुभेदार झाले. आजोळचे मुरबाडकरही फौजेतले. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिक्षण दिले जाई, मुलींनाही. रामजी स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, त्यामागे छावणीतील हा ओटा, ही पाटी, ही पेन्शन होती. छावणीबाहेर मात्र गणवेशाचा मान संपत असे. १९०१ साली सुभेदारांची मुले नीटनेटके कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि वाटेत त्यांना पिण्याचे पाणीही मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे.

भरतीबंदीविरुद्ध पहिला आवाज उठवला तो पेन्शनरांनी. फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सैन्यात पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून अर्ज तयार केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे मागणी पाठवली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडताच १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, युद्ध सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. वॉशिंग्टनच्या बैठकीत जे घडले त्याचीच ही आपल्या मुलखातील आवृत्ती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले, तेव्हा ही जखम ताजी होती. १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि सागर हे तिचे केंद्र झाले.

तथागतांच्या अनुयायांनी युद्ध आठवावे का?

हा प्रश्न आमच्यात प्रामाणिकपणे विचारला जातो आणि तो टाळू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यात दाखवले आहे. सेनापतीने मांडलेल्या युद्धाच्या ठरावाला भर संघात विरोध करणारा तरुण हा आपला आदर्श आहे. मग आपण शिपायांचे स्मरण का करावे?

आम्हाला वाटते, आपण युद्धाचे स्मरण करत नाही. वलंगकर आणि कांबळे यांचे अर्ज हे बंदुकीच्या हौसेचे अर्ज नव्हते. ज्या मोजक्या दारांतून शाळा, पगार, पेन्शन आणि ताठ मान मिळत होती, त्यांतील एक दार जन्माच्या आधारावर बंद करू नका, एवढीच ती मागणी होती. चोपन्नाव्या पलटणीने नाकारलेले सात डॉलर आणि या अर्जांवरील सह्या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांना शरण गेला तेव्हा तथागतांनी त्याला आधी नीट विचार करण्यास सांगितले. आपणही सैनिकी इतिहास असाच, विचार करून स्वीकारावा : शौर्याचा गर्व वाढवण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून मोजले जाण्यासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसले हे समजून घेण्यासाठी.

ट्रंकेतले संग्रहालय

श्रूजबरीचे घर आणि कोरेगावचा स्तंभ हे दोन्ही आपल्याला एकाच कामाकडे घेऊन येतात. आपल्या शिपायांचे घर कोणत्याही विद्यापीठाकडे सोपवलेले नाही. ते नागपूर, कामठी, सातारा, महाड, नाशिक येथील घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. तेथे डिस्चार्जचा कागद आहे, पेन्शनचे पुस्तक आहे, गणवेशातला एखादा फोटो आहे, पदक आहे. घर पाडून नवे बांधताना, वाटणी होताना, वृद्ध माणूस गेल्यावर हे सर्व रद्दीत किंवा मोडीत जाते. आमच्याच ओळखीच्या घरांत असे घडलेले आहे आणि ते उशिरा कळल्याची खंत आम्हाला आहे.

म्हणून या उन्हाळ्यात भारतात जाणाऱ्या कुटुंबांना आमचे सांगणे आहे. कागदांचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या, मागच्या बाजूचा शिक्काही महत्त्वाचा असतो. कागद लॅमिनेट करू नका, घडी उलगडून सपाट ठेवा. पदकाच्या कडेवर अनेकदा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते, ते भिंगाने वाचा. पदक चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका, घासता घासता नावच जाते. फोटोतील माणसे कोण, हे आजीला विचारून लगेच लिहून ठेवा. आणि बसून विचारा : भरती कोठे झाली, सोबत गावचे कोण होते, लंगरात काय शिजत असे, पगारातले किती घरी येत, सुट्टीवर आल्यावर गावच्या पाणवठ्यावर गणवेशातील माणसाला पाणी मिळाले का. शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचे उत्तर कोणत्याही पलटणीच्या दप्तरात नसते. स्त्रियांनाही विचारा, कारण नवरा सरहद्दीवर असताना घर, शेत आणि जातीचे जाच यांना तोंड देणारी ती होती आणि तिच्या नावावर पदक नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या सतरा खंडांत शिपायांची नावे राहिली ती एका कोटाच्या यादीमुळे. यादी करणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल. आपल्याला ती आहे. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला पुढच्या वेळी आपण पलटणीच्या नावासकट, गावासकट आणि बापाच्या नावासकट उत्तर द्यायला हवे.

जय भीम! नमो बुद्धाय!